गुग्गुळ, सालई, डिंक, हिंग: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात डिंकाच्या लाडवांवर लिहिता लिहिता मी गुग्गुळाचा नुसता उल्लेख केला होता, आणि त्यावरच एवढे मेल आलेत की या वेळचं सदर अख्खं झाडाच्या चिकालाच देऊन टाकते. बऱ्याच जणांचे प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत. ज्यांनी रिपोर्टचे फोटो पाठवलेत त्यांनी प्लीज जवळच्या वैद्याला नाहीतर डॉक्टरला दाखवा, फोटो बघून मी औषध सांगत नाही.

प्रश्न: ताई, माझं वय ५४. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७२ आलं म्हणून डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली, आता कायमची घ्यावी लागेल म्हणाले. बीपीची गोळी आधीपासून आहेच. आमचे दीर म्हणतात की गुग्गुळ हे कोलेस्टेरॉलवरचं आपलं जुनं औषध आहे, ती गोळी सोड आणि हे घे. काय करू? (मिरज)

उत्तर: गोळी सोडू नका. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं उत्तर लांब आहे आणि अर्ध्यातच दीर जिंकले असं वाटेल.

दीर म्हणतात ते अगदीच हवेतलं नाहीये. सुश्रुतसंहितेत मेदोरोगाचं वर्णन आहे, म्हणजे चरबी वाढली की स्रोतस म्हणजे शरीरातले मार्ग कसे अडतात आणि पुढे काय काय होतं ते. डॉ. जी. व्ही. सत्यवती बनारस हिंदू विद्यापीठात आयुर्वेदात एमडी करत होत्या, त्यांना ते वर्णन वाचून वाटलं की हे तर आपल्या रक्तवाहिन्यांत चरबी साचते त्याच्यासारखंच दिसतंय, आणि मग त्यांनी सशांना कोलेस्टेरॉल खायला घालून सोबत गुग्गुळ देऊन बघितला. सशांचं कोलेस्टेरॉल उतरलं. तो प्रबंध १९६६ चा. या सत्यवती पुढे आयसीएमआरच्या म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. मग लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेनं गुग्गुळातला अर्क काढून त्याचं 'गुगुलिपिड' केलं, १९८० च्या दशकाच्या शेवटी त्याच्या गोळ्या बाजारात आल्या आणि आपल्याकडच्या काही चाचण्यांत त्याचे आकडे चांगलेही आले. २००२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की गुग्गुळातलं गुग्गुलस्टेरॉन हे यकृतातल्या एका रिसेप्टरला (पेशीतल्या संदेश घेणाऱ्या कुलपाला म्हणा) अडवतं, म्हणजे हे काम कसं करत असेल तेही कळल्यासारखं झालं. सगळे खूश.

आणि पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, पेनसिल्वेनिया विद्यापीठातली चाचणी आली. कोलेस्टेरॉल वाढलेले १०३ लोक, ८ आठवडे, काहींना गुगुलिपिड आणि काहींना नुसती खोटी गोळी. खोटी गोळीवाल्यांचं एलडीएल ५ टक्के उतरलं आणि गुगुलिपिडवाल्यांचं ४ ते ५ टक्के वाढलं! वर सहा जणांना अंगावर पुरळ आलं ते वेगळंच. आमच्यातले पुष्कळ वैद्य म्हणतात की त्यांनी अर्क दिला, शोधन केलेला म्हणजे आपल्या पद्धतीनं शुद्ध केलेला गुग्गुळ दिला नाही, अमेरिकन माणसांचं खाणं वेगळं, वगैरे. यात थोडं तथ्य आहे पण मला हा बचाव अर्धाच पटतो, कारण आपल्याकडच्या चांगल्या निकालांच्या वेळी पण अर्कच दिलेला होता, तेव्हा कुणी तक्रार केली नव्हती.

आता तुमच्या बीपीच्या गोळीचं. गुग्गुळानं प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या बीपीच्या औषधांची रक्तातली पातळी कमी होते हे तपासलेलं आहे. म्हणजे गोळी पोटात जातेय पण काम अर्धवट करतेय आणि तुम्हाला पत्ताच नाही. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आणखी जपायला हवं. तेव्हा दिरांना सांगा, गुग्गुळ औषध आहे हे मान्यच आहे, म्हणूनच तो लपूनछपून घ्यायचा नसतो. घ्यायचाच असेल तर डॉक्टर आणि वैद्य दोघांना एकमेकांच्या गोळ्यांची नावं माहीत पाहिजेत.

प्रश्न: वय ३१, वजन ८४. ऑनलाइन त्रिफळा गुग्गुळ 'फॅट बर्नर' म्हणून मिळतो, रिव्ह्यू पण भारी आहेत. दोन महिने घेतला, दीड किलो उतरलं, मग परत चढलं. डोस वाढवू का? (ठाणे)

उत्तर: नको रे बाबा. ग्रंथांतच लिहिलंय की नवा गुग्गुळ बृंहण म्हणजे अंग भरणारा आणि जुना गुग्गुळ लेखन म्हणजे खरवडून काढणारा. तू जो डबा मागवलास त्यातला नवा की जुना, हे त्यावर लिहिलेलं होतं का? नसणारच. त्रिफळ्यानं पोट साफ झालं असेल त्यात तो दीड किलो गेला असं मला वाटतं. पोटात जळजळ, पातळ शौच, अंगावर खाज यांतलं काही झालं तर तो डबा बंदच कर. आणि रात्री साडेअकराला जेवतोस असं तूच मेलमध्ये लिहिलंयस, त्यावर मी काय बोलू?

प्रश्न: मला थायरॉईड आहे, सकाळी उपाशीपोटी गोळी घेते. एका ग्रुपवर वाचलं की कांचनार गुग्गुळानं थायरॉईड मुळापासून जातो. (नाशिक)

उत्तर: कांचनार गुग्गुळ हे गाठींवर, गंडमाळेवर म्हणजे गळ्यातल्या गाठींवर सांगितलेलं औषध. ज्याची थायरॉईड ग्रंथी कमी काम करते त्याच्या गोळीची जागा ते घेऊ शकत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत गुग्गुलस्टेरॉननं थायरॉईडला चालना मिळते असं दिसलंय, त्यावरूनच हे ग्रुपवालं उचललं गेलं असणार. पण त्याचा उलटाही अर्थ होतो, ज्यांचा थायरॉईड जास्त चालतो त्यांनी तर लांबच राहावं. तुम्हाला वैद्याच्या सल्ल्यानं घ्यायचा असेल तर गोळीपासून वेळ लांब ठेवा आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करा. दिवस गेलेले असतील किंवा प्लॅनिंग चालू असेल तर गुग्गुळाचं कुठलंच औषध स्वतःहून नको.

प्रश्न: गुडघे दुखतात, वय ६३, शेती आहे. मेडिकलवाल्यानं 'शल्लकी'ची कॅप्सूल दिली. मुलगा म्हणतो ही आपल्या मेळघाटातल्या सालईचीच. खरं का? आणि हाच गुग्गुळ का? (परतवाडा)

उत्तर: मुलगा हुशार आहे. शल्लकी म्हणजे आपली सालईच, ती पांढुरक्या राखाडी सालीची, कागदासारखे पापुद्रे सुटणारी, जिथे माती कमी आणि दगड जास्त अशा उतारावर उभी असते ती. तुम्ही तिला लहानपणापासून बघितली असणार. गुग्गुळाचं झुडूप वेगळं, ते काटेरी, बुटकं, कच्छ आणि राजस्थानातलं, तिकडे सिंधमध्ये पण. दोघं एकाच कुळातले, चुलत भाऊ म्हणा. सालईच्या डिंकाला बाजारात 'सालई गुग्गुळ' म्हणतात त्यामुळे घोळ होतो, आणि अरबस्तान-आफ्रिकेकडचा धूप म्हणजे ओमान-सोमालियातला तो जगप्रसिद्ध लोबान, तोही सालईचाच सख्खा. तुमच्या विदर्भातल्या डोंगराचं झाड किती मोठ्या घराण्यातलं आहे बघा.

गुडघ्याला फायदा होतो का? होतो, थोडा. नागपुरातच एक चाचणी झाली होती, २००३ मध्ये छापून आली, गुडघे झिजलेले ३० रुग्ण, ८ आठवडे काहींना अर्क आणि काहींना खोटी गोळी, मग अदलाबदल. दुखणं आणि सूज कमी झाली, चालणं वाढलं, पण एक्स-रेमध्ये काहीच फरक नव्हता. हे नीट समजून घ्या. झिजलेली कूर्चा भरून येत नाही, दुखण्याची आग कमी होते. सालईतली बोस्वेलिक आम्लं सूज वाढवणाऱ्या एका एन्झाइमला अडवतात, पेनकिलरपेक्षा ही वाट वेगळी आहे. नंतर बऱ्याच चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हाही निष्कर्ष असाच, फायदा आहे पण लहान.

तर घ्यायची असेल तर जेवणाबरोबर घ्या, जेवणात थोडं तेल-तूप असू द्या, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. दोन दिवसांत गुण नाही म्हणून फेकू नका आणि तीन महिन्यांत काहीच वाटलं नाही तर उगाच चालूही ठेवू नका. पोट बिघडलं तर थांबा. आणि गुडघ्याला एक पिशवी कमी वजन आणि मांडीचे स्नायू घट्ट करायचा व्यायाम यांची सर कुठल्याच डिंकाला नाही, नांगरामागे चालणं हा तो व्यायाम नव्हे हेही सांगते कारण मागे एका काकांनी मला तेच ऐकवलं होतं.

प्रश्न: दीड महिन्याचं बाळ आहे. सासूबाई रोज अंघोळीनंतर दार लावून गुग्गुळ, ओवा, वावडिंगाची धुरी देतात. बाळ खोकतं. बोलले तर 'आम्ही अशीच पोरं वाढवली' म्हणतात. तुम्हीच सांगा. (पुणे)

उत्तर: माझ्यावर ढकललंत, चालेल. सासूबाई, हा भाग तुम्हीच वाचा.

चरकसंहितेत बाळाच्या धुरीचा उल्लेख आहे, त्यात यव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड अशी लांबलचक यादी आहे, त्यात सापाची कात पण आहे आणि ती कुणी अजून वापरत नाही ही देवाची कृपा. पण ती धुरी कशाला सांगितलीय? बाळाच्या कपड्यांना, अंथरुणाला, पांघरुणाला. बाळाला धुरावर धरा असं तिथे नाहीये. पूर्वी कपडे दमट असायचे, उवा-पिसवा असायच्या, त्याला ही युक्ती होती. घरंही कौलारू, धूर फटीफटींतून निघून जायचा. आताच्या फ्लॅटमध्ये स्लायडिंग खिडकी बंद केली की धूर कोंडतो, निखारा असेल तर कार्बन मोनॉक्साइडही साठतो, आणि दीड महिन्याच्या बाळाच्या श्वासनळ्या म्हणजे शेवग्याच्या शेंगेतली नस असावी एवढ्याशा. बाळ खोकतंय म्हणजे ते आपल्या भाषेत नको म्हणतंय.

मधला मार्ग असा की दुपटी आणि टोपडी गॅलरीत धुपावर धरा, वास मुरू द्या, मग गार करून बाळाला घाला. विधी पण झाला आणि बाळही वाचलं. आणि सूनबाई, तुम्ही पण 'धूर बंद' एवढंच म्हणू नका, दुपटी धुपवायचं काम सासूबाईंकडेच ठेवा.

जाता जाता हिंगाचं. बाळाच्या बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावतात ते वरून लावणं ठीक, कातडी लाल झाली तर लगेच पुसा. पण तान्ह्याला हिंग पोटात देऊ नका, रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होऊन बाळ निळं पडल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असते. मुलाला सिलिॲक (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) निघालाय, गहू पूर्ण बंद. घरात फक्त भात-ज्वारी-वरण असूनही त्याचं पोट बिघडतंय. डाएटिशियन म्हणाली मसाले तपासा. मसाल्यात गहू कसा असेल?

उत्तर: हिंगाची डबी काढा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. आपण 'हिंग' म्हणून वापरतो तो बांधानी हिंग, म्हणजे अफगाणिस्तान-इराणकडून आलेला मूळ चीक इतका उग्र असतो की तो पीठ आणि डिंक घालून सौम्य करावा लागतो, आणि ते पीठ बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं असतं. वरणाच्या प्रत्येक फोडणीत चिमूटभर गहू! तांदळाच्या पिठात बांधलेला ग्लुटेन-फ्री हिंग मिळतो, तो आणा. वाटलं तर महिनाभर हिंग बंद ठेवून जिरं-लसणीवर फोडणी द्या, तेवढ्यानं काही वरण आपला देश सोडून जात नाही. आपल्याकडे हिंग पिकत नव्हता, सगळा बाहेरून यायचा, २०२० मध्ये पालमपूरच्या सीएसआयआर संस्थेनं लाहौलमध्ये त्याची लागवड सुरू केली आहे.

प्रश्न: डिंकाच्या लाडवानं हाडं मजबूत होतात म्हणतात, म्हणजे डिंकात कॅल्शियम किती? वडिलांना शुगर आहे, त्यांना दिला तर चालेल? आणि धावड्याचा, बाभळीचा, कतीरा यांत फरक काय? (लातूर)

उत्तर: आधी एक गोष्ट साफ करू. गुग्गुळ, सालई, हिंग यांत राळ, डिंक आणि तेल तिन्ही असतं, म्हणून त्यांना वास असतो आणि म्हणून ती औषधं. आपल्या लाडवातला डिंक म्हणजे निव्वळ डिंक, त्यात राळ नाही. पाण्यात विरघळतो किंवा फुगतो, वास नाही, चव नाही. रासायनिक भाषेत तो विद्राव्य तंतू, पोटात पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यावर जगतात. कोल्ड्रिंक आणि चॉकलेटच्या वेष्टनावर ४१४ असा आकडा दिसतो तो बाभळीच्याच भाऊबंदांचा डिंक, सुदानकडून येणारा.

त्यामुळे लाडवातल्या डिंकातलं कॅल्शियम नगण्य. हाडांना जे मिळतं ते खसखशीतून, खारकेतून, आणि आळीव घातले असतील तर लोहही. बाळंतिणीला तो लाडू देतात ते तूप, सुकामेवा, गूळ यांच्यामुळे दोन घास खाऊनही ताकद यावी म्हणून, आणि तेवढा बद्धकोष्ठाला उतारा म्हणून, आणि हे काही कमी नाहीये, उगाच डिंकाला कॅल्शियमचा मुकुट कशाला?

वडिलांचं: डिंकानं साखर वाढत नाही, गुळानं वाढते. अर्धा लाडू, जेवणाच्या जागी, वर चहा-बिस्किट नको. 'गूळ नॅचरल आहे' हे ग्लुकोमीटरला कळत नाही.

धावड्याचा पिवळसर, कडक, तुपात छान फुलतो. बाभळीचा लालसर. डिंक तळताना तुरीच्या डाळीएवढा फोडून घ्या, तूप मध्यम तापलेलं, एका वेळी मूठभरच टाका, आत कच्चा राहिला की लाडू खाताना दाढेत असा बसतो की टूथपिक हरते. कतीरा मात्र तळायचा नाही, रात्रभर पाण्यात भिजवायचा, चमचाभराची वाटीभर जेली होते. मूळचा कतीरा इराणकडचा, आपल्याकडे त्या नावानं बहुतेक कढई नावाच्या झाडाचा डिंक विकला जातो, गुणांत फार फरक नाही. उन्हाळ्यात सरबतात छान. पण कोरडा चूर्ण करून कधी गिळू नका, घशात नाहीतर आतड्यात फुगून अडकतो, आणि रोजच्या गोळ्यांपासून तास-दोन तास लांब ठेवा नाहीतर गोळी त्या जेलीतच गुंतून बसते.

प्रश्न: शिलाजीत रेझिन जिमला जाणारे सगळे घेतात. तो पण झाडाचा का? (कोल्हापूर)

उत्तर: नाही, तो खडकातून पाझरतो, या सदराच्या बाहेरचा. डबीवर शिसं आणि पारा यांच्या चाचणीचा रिपोर्ट नसेल तर घेऊ नकोस.

प्रश्न: आम्ही घरी कधीमधी वैद्यांनी सांगितलं तर गुग्गुळ आणतो, पण दुकानात मिळतो तो खरा कसा ओळखायचा? प्रत्येक ठिकाणी भाव वेगळा. (अकोला)

उत्तर: हा माझा आवडता प्रश्न. कॉलेजमध्ये आमच्या मॅडम एक पुडी टेबलावर टाकायच्या आणि म्हणायच्या, ओळखा. जुनी परीक्षा तीन ओळींची आहे: विस्तवावर टाकला की फुलतो, उन्हात ठेवला की वितळतो, गरम पाण्यात टाकला की दुधासारखा होतो. खरा गुग्गुळ दाबला की चिकट, फोडला की आत पिवळसर-तपकिरी चमक, वास कडवट-गोड आणि हाताला दिवसभर राहतो. भेसळीत दुसऱ्या झाडांचे डिंक, साल, माती, खडे. आमच्या लॅबमध्ये एका पुडीतून निम्मी काटक्याच निघाल्या होत्या.

आणि कच्चा पोटात घ्यायचा नाही. फडक्याच्या पुरचुंडीत बांधून त्रिफळ्याच्या काढ्यात टांगून उकळायचा, तो काढ्यात उतरतो, काटक्या-खडे पुरचुंडीत राहतात, मग आटवून गोळा करायचा. त्यानंतरचं खलबत्त्याचं काम म्हणजे शिक्षा असते, गुग्गुळ खलाला असा चिकटतो की बत्ता उचलला की खलही वर येतो, तूप लावून लावून कुटायचा, आम्ही चौघी पाळीपाळीनं कुटायचो आणि तरी गोळ्या वळताना बोटं सुटायची नाहीत. म्हणून कुणी अगदी स्वस्तात 'शुद्ध गुग्गुळ' देत असेल तर मला शंका येते, एवढी मेहनत आणि वर झाडच नाही.

झाडच नाही हे खरंच सांगतेय. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत हे झुडूप अति संकटग्रस्त आहे. चीक घ्यायला त्याला ८-१० वर्षं वाढू द्यावं लागतं, आणि लोक खोल घाव घालतात, जास्त चीक यावा म्हणून रसायन लावतात, त्या हंगामात चीक भरपूर येतो आणि झुडूप वाळून जातं. तेव्हा धुपासाठी तरी खरा गुग्गुळ जाळू नका. संध्याकाळी दिव्यापाशी वास हवा असेल तर ऊद आहे, राळ आहे, खिडकी उघडी ठेवून चिमूटभर. अकोल्यात शुद्ध केलेला हवाच असेल तर जो वैद्य गोळ्या स्वतः बनवतो त्याच्याकडे जा आणि पुरचुंडीतला गाळ दाखवा म्हणा, जो खरंच बनवतो तो हसत दाखवेल.